ठणठणीत झाल्यावर

हैदराबादेत नारायणगुड्याच्या क्लासात मी इंग्रजी बोलायला शिकवते. ‘ट्रीट’ आणि ‘क्युअर’ आले की पोरं हटकून घोळ घालतात, दोन्हींना ‘इलाज’ म्हणून मोकळी होतात. मग मी फळा बडवून सांगते, औषधपाणी करणं म्हणजे ट्रीट, दुखणं मुळासकट जाणं म्हणजे क्युअर. तरी दात काढतात मेली.

नांदेडकडचं कुणीही आजारी पडलं की आमच्याकडे उतरतं, आणि डॉक्टरांचं इंग्रजी मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडतं. परवा भागूआत्या आली. कोठी भागातल्या डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट पाहिले आणि मला इंग्रजीत म्हणाले, ट्रीट करू शकतो, क्युअर नाही.

“काय म्हणायलेत?” आत्यानं विचारलं.

“इलाज आहे म्हणतात.”

यात खोटं काही नव्हतं. फळा बडवणारी बाई मात्र गप्प बसली होती.

औषधं घेऊन बाहेर आलो. आत्याचा चेहरा उजळला होता. धाकटी सावित्रीआत्या इथं जवळच, अंबरपेठेत राहते. आजीच्या पाटल्यांवरून दोघींचं बिनसलं ते बिनसलंच, कित्येक वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. मी सहज म्हटलं, “आलीच आहेस तर भेटून घे तिला.”

“आत्ता नको. अशी वाळलेली बघून म्हणंल, दुखण्यानं वाकली म्हणून दारात आली. इलाज होऊ दे. चांगली ठणठणीत होऊन जाते.”

ठणठणीत होणं आता तिच्या नशिबात नव्हतं आणि ती त्याचीच वाट बघत बसणार होती. तिला जपायला म्हणून मी अर्धं बोलले होते. त्या अर्ध्यानं तिची बहीणच तिच्यापासून तोडली असती.

“आत्या, मघाशी मी सगळं सांगितलं नाही,” मी म्हटलं. “औषधानं त्रास कमी होईल. दुखणं जाणार नाही.”

ती औषधांच्या पिशवीकडे बघत राहिली. शेजारून हातगाड्या, गिऱ्हाइकं, सगळं चाललंच होतं.

“म्हंजे हाय याच्यापेक्षा चांगली मी होत नाही.”

“नाही, आत्या.” मला रडू आवरेना.

“डोळे पूस. लोकं बघायलेत.” ती माझ्यावरच वैतागली. मग म्हणाली, “कंगवा हाय का तुझ्याकडं?”

मी पर्समधून काढून दिला. तिनं तिथंच भिंतीकडे तोंड करून केस विंचरले, बुचडा घट्ट बांधला, पदर नीट घेतला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “बरी दिसते का?”

“छान दिसतेस.”

“मग अंबरपेठची रिक्षा बघ. भांडण मिटवायला लई वेळ लागतो आमाला.”