रोकियाच्या कुंपणावरचा गोकर्ण

मी मलेशियाच्या केलांतानातल्या एका बांबूच्या कुंपणावर लटकलेला निळा गोकर्ण बोलतोय. माझा गळा एकदा कोयत्याखाली आला होता, ते सांगतो. बसा.

मला रोकियानं निवडलं. बोगनवेल काटे टोचते, मधुमालतीच्या वजनानं बांबू वाकतो, म्हणून मी. रूपावर भाळून नव्हे हो. माझी फुलं कुस्करून ती भात निळा करते आणि केळीच्या पानात बांधून सकाळी विकते.

बी तिनं आपल्या अंगणात टोचलं, पण ऊन होतं पलीकडे. तिच्या पाण्यावर वाढलो आणि शेजाऱ्याकडे फुललो. असे जावई तुम्हीही पाहिले असतील.

शेजारी देरामान, कवडे पाळणारा एकटा म्हातारा. रोज माझी ओंजळभर फुलं तोडायचा, निम्मी कुंपणावरून रोकियाच्या टोपलीत टाकायचा. एक दिवस ती भडकली.

“निम्मी का? वेल माझा आहे.”

“मग त्याला वळण लावा, मेक. पाठ तुमच्याकडे करून बसतो.” इकडे बाईमाणसाला ‘मेक’ म्हणतात.

“पुन्हा हात लावू नकोस.”

त्यानं लावला नाही. तिचा हात पलीकडे पोचेना, मागायची लाज. फुलं वेलावरच वाळली, शेंगा धरल्या. शेंगा पोसताना फुलायला उरतं काय? तिच्या बाजूलाही फूल दिसेना.

इकडे लेक जलेहाचं लग्न तीन आठवड्यांवर, आणि अख्ख्या गावाला निळ्या भाताचं आवतण गेलेलं. रोकिया कोयता घेऊन आली.

“म्हातारा झालास मेल्या. दुसरा लावते.”

“म्हातारा नाही, मेक, लेकुरवाळा झालाय,” देरामान पलीकडून म्हणाला. “या बाजूच्या शेंगा बघा. मी रोज फुलं तोडून त्याला सडा ठेवला होता. तुम्हीच संसाराला लावलात.”

रोकियानं वाकून पाहिलं. कोयता खाली गेला.

“मग बघतोस काय? तोड त्या.”

दोघांनी दोन बाजूंनी शेंगा खुडल्या, शेंडे छाटले. लग्नात भात निळाशार. देरामाननं तीनदा वाढून घेतला आणि मीठ कमी म्हणाला.

आता माझं खोड अंगठ्याएवढं झालंय. पलीकडचं फूल रोकिया अजून स्वतः तोडत नाही. मध्ये देरामान तापानं दोन दिवस पडला, तर तिनं त्याच्या खिडकीकडे तोंड करून हाक दिली, “ऊठ रे. वेलाला शेंगा धरतील.”

तेव्हा बाबांनो, येता-जाता मला खुडा, छाटा, हवं तर चोरा. फक्त राखण बसवू नका.