हिरवा झगा कोण घालणार?

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे. रेशमी, पायघोळ, बाह्यांना तीन पदरी झालर आणि रंगानं हिरवागार. पॅरिसमध्ये सिनेमाचे कपडे भाड्यानं देणारं एक दुकान आहे, तिथल्या दुसऱ्या मजल्यावर मी राहतो. पण मी राणीचा नव्हे हं! सिनेमात मी पंधराव्या लुई राजाच्या लाडक्या सखीचा, मादाम द पोंपादूरचा. राणीला विचारतो कोण? सिनेमे निघतात ते हिच्यावर. मग मी थोडा तोरा मिरवला तर बिघडलं कुठं?

माझा जन्म मात्र स्वस्ताईतला. इथले नाटकवाले हिरव्या रंगाला फार भितात. हिरवं घालून रंगमंचावर गेलं की नाटक पडलंच म्हणून समजा. त्यामुळे हिरवं रेशीम दुकानात धूळ खात पडायचं. क्लेमांस नावाच्या शिंपिणीनं ते अर्ध्या किमतीत उचललं. सिनेमा काळा-पांढरा होता. पडद्यावर हिरवं काय नि निळं काय, सगळं करडंच दिसणार! कापड भरपूर, म्हणून तिनं प्रत्येक शिवणीत चांगली चार बोटं माया सोडली, म्हणजे जादा कापड आत दुमडून ठेवलं.

पहिल्या सिनेमात मला घालून एक विशीची नटी नुसती पंखा हलवत हसली आणि लोक वेडे झाले. दुसरीनं मला घालून दरबारात कारस्थानं केली. तिसरी खिडकीत बसून रडली. माझी एक बाही तिनं पार भिजवली. गंमत अशी, की तिघीही विशीतल्याच. माझं कौतुक काय सांगू, प्रत्येक वेळी वाफ देऊन, इस्त्री करून मला मोटारीतून नेत असत.

मग सिनेमा रंगीत झाला आणि माझं पितळ उघडं पडलं. आता हिरवं पडद्यावरही हिरवंच दिसणार, म्हणून नट्या मला पाहिलं की दोन पावलं मागं सरायच्या. गुलाबी, निळे झगे माझ्यासमोरून ऐटीत जायचे, आणि मी पिशवीत लटकलेला. फार वाईट वाटायचं हो.

शेवटी मालकांनी ठरवलं, की सोमवारी याला कापायचं. नोकरांच्या पोशाखाची सहा जाकिटं निघतील. कपड्यांची देखभाल करणाऱ्या सोलांजबाईंनी तीस वर्षं मला जपलं होतं. त्यांनी माझी पिशवी उगाच दोनदा झटकली. मी घाबरून गेलो होतो.

त्याच्या आदल्याच शनिवारी ऑर्तांसबाई आल्या. बेचाळीस वर्षांच्या, नाटकात हयात गेलेल्या. पोंपादूर होणारी तरुण नटी ऐन वेळी सोडून गेली होती आणि ते काम यांच्याकडे आलं होतं. एरवी यांच्या वाट्याला दासी आणि मावश्याच. पण निळा झगा शिवला होता त्या मुलीच्या मापानं, आत एक दोरा माया नाही. पाठीवर वीतभर फट राहिली. चित्रण सोमवारी. दिग्दर्शकानं फोनवर सांगितलं, की संध्याकाळपर्यंत झगा मिळाला तर ठीक, नाहीतर झग्यात मावणारी दुसरी शोधू.

सोलांजबाईंनी मला बाहेर काढलं. ऑर्तांसबाईंनी तोंडच फिरवलं.

"सोलांज, हे काय काढलंस? आमच्या आईनं घरात हिरवा रुमाल येऊ दिला नाही कधी."

"मग निळ्यात मावून दाखव."

त्या बिचाऱ्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. सोलांजबाईंनी माझ्या शिवणी उसवल्या, क्लेमांसनं दडवलेलं कापड बाहेर आलं. इतकी वर्षं उजेड न लागलेलं ते, बाकीच्या माझ्याहून गडद. दोन्ही कुशींना गडद हिरवे पट्टेच उमटले. मी लाजून चूर झालो. आता ही बाई ओरडणार, असं वाटलं.

ऑर्तांसबाईंनी डोळे उघडले. आरशात खूप वेळ पाहिलं.

"पोंपादूर वारली तेव्हा माझ्याच वयाची होती," त्या हळूच म्हणाल्या. "राजा लढाई हरला तरी लोक हिलाच पांढऱ्या पायाची म्हणायचे. तिचं काम करायचं आणि हिरव्याला भ्यायचं? घाल टाके, सोलांज. पट्टे झाकू नकोस."

सोमवारी मालक कात्री शोधत होते तेव्हा मी एका राजवाड्याच्या जिन्यावर होतो. आजारी पोंपादूर होऊन ऑर्तांसबाई एकेक पायरी चढल्या. मधे कठडा धरून थांबल्या, धाप लागली होती. राजाच्या दाराशी आल्यावर त्यांनी तोंडावर हसू आणलं आणि आत गेल्या. माझ्या आतल्या त्या छातीची धडधड मला अजून आठवते. असा प्रसंग मला घालून आजवर कुणी केला नव्हता.

सिनेमा लागल्यावर सोलांजबाई तीनदा पाहून आल्या. त्या म्हणाल्या, की तुझा रंग कुणाच्या लक्षातसुद्धा आला नाही रे, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. इतकी मोठी शाबासकी मला आयुष्यात मिळाली नव्हती.

तेव्हा मित्रांनो, जुन्या कपड्याला कात्री लावायच्या आधी घरात सगळ्यांना विचारा, कुणाला होतो का बघा. नावं ठेवलेला, रंग उडालेला असेना का. आणि जी व्यक्ती नको नको म्हणत असेल, तिला तर आधी घालायला लावा.