आप्पांनी लावलेली धार

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी बर्फावरचं स्केटिंग शिकायचं ठरवलं तेव्हा नवऱ्यानं कपाळाला हात लावला, लेकीनं "माझ्या मैत्रिणींना सांगू नकोस हं" अशी अट घातली, आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "पात्यांना धार कोण लावणार?"

आप्पा पस्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये ग्राइंडर होते. आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल, टेबलाला बोल्टनं आवळलेली घासायची मशीन, आणि भिंतीवर ओळीनं टांगलेली हत्यारं. घरातली सुरी, कात्री, नवऱ्याचा रंधा, सगळं त्यांच्याकडे जातं. मीही चष्म्याच्या दुकानात काचा घासते, म्हणजे कला वारशानंच आली. दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक काच मी दिव्याखाली दोनदा बघते. पण आप्पांनी केलेलं काम आमच्या घरात कोणी तपासत नाही. ते वस्तू जुन्या सदऱ्याच्या फडक्यात गुंडाळून देतात, आपण "झालं?" विचारायचं, ते "झालं" म्हणतात, विषय संपला. शाळेत असताना मी एकदा त्यांनी करून दिलेल्या पेन्सिलीचं टोक त्यांच्यासमोर बोटाला लावून बघितलं होतं, तर या माणसानं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. तेव्हापासून कानाला खडा.

पाती घ्यायलाही तेच आले होते. दुकानदार चांगला गोडबोल्या होता, त्यानं सगळ्यात महागडी जोडी पुढे सरकवली. आप्पांनी विचारलं, "उड्या किती मारतेस?"

"एकही नाही," मी म्हटलं. "उभी राहिले तरी पेढे वाटीन."

"मग हे परत ठेवा," आप्पा दुकानदाराला म्हणाले. त्यांनी साध्यातल्या चार जोड्या मागवल्या, एकेक पातं काउंटरच्या काचेवर आडवं टाकलं आणि खालून कागदाची पट्टी सरकवून बघितली. तीन जोड्यांत कुठे ना कुठे पट्टी आत गेली, म्हणजे पातं वाकडं. चौथीत गेली नाही. दुकानदाराचा चेहरा उतरत चालला होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग त्यांनी पात्याच्या तळावरची लांबीभर उथळ पन्हळ नखानं चाचपली. तिच्या दोन कडा म्हणजेच धार, हे त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही. अडले ते पुढच्या दातांपाशी. टोकाला करवतीसारखे दात असतात, ते कशाला म्हणून त्यांनी विचारलं.

"उडी घेताना बर्फात रुतवायला," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे पायाचा अंगठाच की," आप्पा म्हणाले. "धार लावताना याला हात लावायचा नाही."

पाच वर्षं त्यांनी लावला नाही. बुटांच्या तळाला बसवलेल्या पात्यांसाठी त्यांनी लाकडाचा साचा केला, पन्हळीच्या मापाचा दगड शोधून आणला. मीही पात्यांची बडदास्त ठेवली. बर्फावरून उतरलं की आधी पाती कोरडी करायची, मग घाम पुसायचा. चालायची प्लास्टिकची कव्हरं फक्त चालण्यापुरती, घरी येताना कापडी, कारण प्लास्टिकच्या आत ओल राहिली की एका रात्रीत गंज धरतो. लेक म्हणायची, आईनं माझे एवढे लाड कधी केले नाहीत. खरं होतं ते.

या शनिवारी माझी परीक्षा होती. प्रौढांसाठी असते, छोटी, पण मी त्यात दोनदा आपटले होते. दोन्ही वेळा एकाच उडीला. मागे सरकत यायचं, डाव्या पायाचं टोक मागे बर्फात रोवायचं आणि त्याच्या आधारानं हवेत एक गिरकी घ्यायची. आता दहातल्या नऊ वेळा जमत होती. बुधवारी मी पाती आप्पांकडे दिली. त्या संध्याकाळी त्यांनी मला तीनदा विचारलं, "उड्या किती मारतेस?" पहिल्यांदा मी सांगितलं, एक. दुसऱ्यांदाही सांगितलं. तिसऱ्यांदा वैतागून म्हटलं, "आप्पा, एकही नाही, झालं समाधान?" आणि आम्ही सगळे हसलो. आप्पाही हसले.

गुरुवारी फडकं हातात आलं.

"झालं?"

"झालं."

शुक्रवारी दुकानातून अर्धी रजा टाकून रिंकवर गेले. कव्हरं चढवूनच बूट बांधले, फाटकाशी कठडा धरून कव्हरं काढली आणि आत शिरले. धार अशी लागली होती की विचारू नका. नुसतं वजन टाकलं तरी पातं बर्फ धरत होतं. मनात म्हटलं, म्हातारा अजून कोणाला हार जात नाही. दोन फेऱ्या मारल्या, मागे वळले, डावा पाय मागे नेला आणि टोक रोवलं.

टोक रुतलंच नाही. पाय मागच्या मागे निघून गेला आणि मी हनुवटीवर आपटले.

कोच धावत आली. चोवीस वर्षांची पोरगी आहे, मला काकू म्हणते, त्याचा मला राग येतो. तिनं मला बाकावर बसवलं, हनुवटीला कापूस लावून पट्टी चिकटवली आणि मग माझ्या पायाकडे बघतच राहिली.

"काकू, दात कुठे गेले?"

मी वाकून बघितलं. पात्याचं टोक गुळगुळीत होतं. दात नव्हते. दुसऱ्या पायालाही नव्हते. मला आधी वाटलं मार लागल्यामुळे असं दिसतंय. मग मी पर्समधलं काचा तपासायचं भिंग काढलं, आणि ते काढायला नको होतं.

तुटलेले नव्हते, झिजलेले नव्हते. मशीन घसरली, हात हलला, असंही काही नव्हतं. एकेक दात घासून उतरवला होता आणि उरलेलं टोक पात्याच्या गोलाईत बेमालूम मिळवलं होतं. कुठे खाच नाही, कुठे ओरखडा नाही. दोन्ही पाती भिंगाखाली शेजारी धरली तर फरक सापडेना. वर तेलाचं बोट फिरवलेलं. चूक पाच मिनिटांत होते, हे चार-पाच तासांचं काम होतं. चार-पाच तास तो माणूस शांतपणे बसून हे करत होता.

कोच सांगत होती की दात परत बसवता येत नाहीत, नवी पाती घ्यावी लागतील, उद्याची परीक्षा विसरा. मी हो हो म्हणत होते. डोक्यात मात्र एकच चाललं होतं. त्यांनी तीनदा विचारलं होतं, आणि मी हसले होते.

बसमध्ये मग राग आला, तोही सणकून. सगळं पाठ करत घरी गेले. आप्पा, हे काय केलंत. आप्पा, अंगठा कोण म्हणालं होतं. आप्पा, माझं तोंड फुटलं असतं. चपला न काढताच मागच्या खोलीत शिरले आणि बूट त्यांच्या टेबलावर आपटले.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही, बुटाकडे बघितलं. चष्मा लावला. डावा बूट उलटा घेतला, टाचेपासून पन्हळीतून नख फिरवत पुढे आले, आणि टोकाशी नख थांबलं. ते तिथे पुन्हा फिरलं. मग त्यांनी दुसरा बूट घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता आठवेल, आता चेहरा पडेल, म्हणून मी आधीच घाबरले होते.

"हे कोणी केलं?" आप्पांनी विचारलं.

मी टेबलापासून एक पाऊल मागे सरकले.

"दात काढून टाकलेत," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण रागानं. टूलरूममध्ये कोणी जॉब बिघडवला की असे बोलायचे. "हात चांगला आहे त्याचा. पण अक्कल नाही. अंगठा कापलाय तुझा त्यानं. कोणाकडे टाकली होतीस?"

"रिंकजवळ," मी म्हटलं. "नवीन माणूस आहे एक."

"मला का नाही दिलीस?"

"तुम्हाला कशाला त्रास."

तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि त्यांना माझी पट्टी दिसली. उठून त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी उचलली, उजेडाकडे वळवली, लहानपणी बघायचे तशी. बोटांना अजून तेलाचा वास होता.

"पडलीस?"

"हो."

"शब्द दे मला. त्या माणसाला परत हात लावू द्यायचा नाही."

"नाही लावू देणार," मी म्हटलं.

"यापुढे पाती फक्त माझ्याकडे."

मी मान हलवली. ते परत खुर्चीत बसले, फडकं घेतलं आणि माझ्या बुटांना लागलेलं पाणी नीट पुसू लागले.