होक्काइडो नको गं बाई!

आमच्या ह्यांच्याकडून एखादी गोष्ट करून घ्यायची असेल, तर आपण तिच्या विरुद्ध बोलायचं. एकेचाळीस वर्षं मी हेच करत आलेय. अमेरिकेतलं, ईडन प्रेरी गावातलं हे घर मला बघताक्षणी आवडलं, म्हणून मी मुद्दाम नाक मुरडलं. आठवड्याच्या आत ह्यांनी सही ठोकली!

एप्रिलमध्ये माझा गुडघा बदलायचाय. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर स्कीइंग विसरा. म्हणजे फेब्रुवारीतली जपानची ट्रिप शेवटची, आणि त्यातही स्कीइंगला दिवस चारच. इथल्या टेकड्यांवर मशीनने पाडलेल्या बर्फात मी पस्तीस वर्षं आपटलेय. दगडासारखा लागतो मेला! आता मला एकदा तरी ताज्या बर्फाची पावडर हवी होती, कोरडी, भुसभुशीत, गुडघ्याएवढी. आणि ती मिळण्याची जास्त खात्री होक्काइडोला.

रविवारी सकाळी आमची लेक आरोही लॅपटॉप उघडून बसली. "बाबा, होक्काइडो की हाकुबा? हाकुबाला टोकियोहून ट्रेन आणि बस. होक्काइडोला अजून एक फ्लाइट घ्यावी लागेल."

"होक्काइडो नको गं बाई!" मी लगेच सुरू केलं. "चार दिवसांत आणखी एक विमान कुठे? आपलं हाकुबाच बरं."

आणि निवांत चहाचा घोट घेतला. आता हे उसळणार, "तुला काय कळतंय" म्हणणार, की झालं माझं काम.

"बरोबर आहे तुझं," हे म्हणाले. "हाकुबा."

चहा नाकात गेला माझ्या. इतक्या वर्षांत एकदाही बरोबर नव्हते मी, आणि ह्यांना मुहूर्त आजचाच सापडला!

"अहो, पण तुम्हाला होक्काइडो आवडेल की."

"छे! तुझा गुडघा, तू म्हणशील तसं."

"आणि हाकुबाला पाऊसबिऊस पडला तर?"

"गरम पाण्याच्या कुंडात बसू."

"ओके, हाकुबा फायनल," आरोही म्हणाली. "बुक करतेय."

"थांब!" मी ओरडलेच. "मला होक्काइडोला जायचंय. मला पावडर हवीय, पोटभर! मी खोटं बोलले. मी नेहमीच खोटं बोलते."

"मॉम, व्हॉट?" आरोहीचा आ वासलेला.

हे मात्र गालात हसत होते. "माहितीये मला. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून."

"मग आज असा छळ का मांडलात?"

"शेवटची ट्रिप ना तुझी. म्हटलं, एकदा तरी तुझ्या तोंडून सरळ ऐकावं."

असा राग आला ना मला! आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. प्रत्येक भांडण मी जिंकले म्हणून मनातल्या मनात मिरवत होते, आणि हा माणूस गुपचूप हरत होता. मग एकदम लक्षात आलं, एक साधा प्रश्न मी ह्यांना कधी विचारलाच नाही.

"तुम्हाला कुठे जायचंय हो?"

"हाकुबाला," हे म्हणाले, आणि आरोहीकडे वळले. "होक्काइडो बुक कर."