पाटीवर न मावलेलं नाव

संग्रहालयात पक्षी तयार करायचं काम मी एकोणीस वर्षं करतेय. मेलेले पक्षी भुसा भरून ठेवायचे, तसलं काम नव्हे. लाकूड कोरून धड करायचं, तारेचे पाय बसवायचे आणि गळून पडलेली पिसं गोळा करून एकेक चिकटवायची. एका बगळ्याला चार महिने जातात. मग ते पक्षी काचेमागे, रंगवलेल्या भिंतीसमोर मांडायचे, की देखावा तयार.

पाणथळीच्या देखाव्याच्या मागच्या भिंतीचे पोपडे निघाले, तेव्हा संचालकबाई नवीन चित्रकार शोधत होत्या. मीच म्हटलं, “माझी वहिनी रंगवते. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती. विचारू का तिला?” “विचारा,” म्हणून त्या सगळं माझ्यावर सोडून बाहेरगावी गेल्या, त्या काम संपल्यावरच परतल्या.

खरं सांगते, त्यात मोठेपणा नव्हता. आभाळ निळं करायला असं कितीसं डोकं लागतं, असं मला वाटलं होतं. शिवाय माझ्या शब्दावर आलेली म्हणजे माझ्या हाताखाली राहणार.

वहिनी आली आणि पहिले दोन आठवडे तिने भिंतीला ब्रशच लावला नाही. रोज पहाटे दादाच्या स्कूटरवर मागे बसून तळ्यावर जायची आणि वही भरून आणायची. मी दादाला म्हटलंसुद्धा, “तुझी बायको काम करतेय की सहलीला जातेय?” दादा नुसता हसला.

मग ती रंगवायला लागली. ती भिंत कोपऱ्यांत गोल वळते, त्यामुळे सरळ काढलेली रेघ काचेबाहेरून वाकडी दिसते. वहिनी आत जाऊन चार फटकारे मारायची, बाहेर येऊन जमिनीवर बसायची, लहान मुलाच्या उंचीवरून बघायची आणि परत आत. असं दिवसातून शंभरदा. एकदा बाहेरूनच ओरडली, “वन्सं, तुमच्या बगळ्याची सावली आभाळावर पडतेय!” मला ती लाडात वन्सं म्हणायची. वायरमनला बोलावून तिने दिवे हलवून घेतले, तेव्हा कुठे सावली गेली. तो बगळा किती वर्षं आभाळावर सावली पाडत उभा होता आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

काम संपलं त्या दिवशी दारावरचा पहारेकरी जेवण अर्धं टाकून काचेसमोर येऊन उभा राहिला. माझ्या पक्ष्यांकडे त्याने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. “ताई,” तो मला म्हणाला, “आत गेलं तर पाय ओले होतील असं वाटतं हो.”

वहिनीचं कौतुक झालं की मी हसायचे, पण ते हसू ओठांच्या पलीकडे जात नव्हतं. घरी दादा जेवताना आभाळाबद्दल बोलायला लागला की मला भाजीत मीठ कमी लागायचं.

देखाव्याची पाटी करायची होती. संचालकबाईंनी मजकूर माझ्याकडे मागितला. मी वर देखाव्याचं नाव लिहिलं, मग सगळ्या पक्ष्यांची नावं, आणि खाली ‘निर्मिती’ म्हणून माझं नाव. तिथे पेन थांबलं. वहिनीचं नाव लिहायला हात पुढे झाला आणि मागे आला. नंतर सांगू, असं स्वतःला म्हणत मी कागद पाकिटात घातला. नंतर कोण सांगणार होतं? तो कागद छपाईला गेला.

उद्घाटनाच्या दिवशी वहिनी नवीन कपडे घालून, दादाला घेऊन आली. पाटीसमोर उभी राहून तिने ती वाचली. मग पुन्हा वरपासून वाचली. दादा काही बोलणार, तेवढ्यात तिने त्याचा दंड धरला.

त्याच वेळी एक वयस्क शिक्षिका माझ्याजवळ आल्या. पाटी वाचूनच आल्या होत्या. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, “पक्षी काय, खरेच ठेवलेत तुम्ही. पण हे आभाळ! मी लहानपणी पाहिलेली सकाळ आहे ही. कसं जमलं तुम्हाला?”

मी म्हणाले, “जमलं, सवयीने.”

वहिनी चार पावलांवर होती. तिने ऐकलं. आणि माझं काय झालं असेल? ज्या कौतुकासाठी मी एकोणीस वर्षं झुरले ते अखेर पदरात पडलं, आणि ते तिचं होतं. माझे चार महिने त्या बाईंनी खरे पक्षी समजून बाजूला सारले होते. खोटं मी बोलले होते आणि राग मात्र मला वहिनीचाच येत होता.

संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दारात आली. आत आली नाही.

“विसरलात?”

“पाटी लहान होती गं. मावलं नाही.”

“टिटवीचं नाव मावलं,” ती म्हणाली. “पाणकोंबडीचं मावलं. माझंच मावलं नाही?”

मी कपाट आवरण्याचं नाटक करत राहिले. ती निघून गेली. त्या दिवसापासून वन्सं बंद झालं. समोरासमोर आलो तर “तुम्ही जेवलात का?” एवढंच.

महिन्याभराने संचालकबाईंनी मला जंगलाचा देखावा करायला सांगितलं. “भिंतही तुम्हीच रंगवा. पाटी वाचली मी, आभाळ काय सुंदर केलंत! तुमची वहिनी तेव्हा मदतीला होती ना? लागली तर बोलवा.”

मदतीला! तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. तिला जमतं ते मला का जमू नये? मी नऊ दिवस भिंतीशी झटले. आत उभं राहून पाहिलं तर झाडं ताठ, बाहेर येऊन पाहिलं तर कोपऱ्यातली खोडं केळ्यासारखी वाकलेली. जमीन जिथे संपते आणि चित्र सुरू होतं तो सांधा तर आंधळ्यालाही दिसला असता. दहाव्या दिवशी संचालकबाई आल्या. काचेसमोर उभं राहून त्यांनी झाडं पाहिली.

“हा हात तोच नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही. ते आभाळ वहिनीचं आहे. सगळं तिचंच. मदतीला तर मीसुद्धा नव्हते.”

“मग पाटी?”

“मी लिहिली. मुद्दाम.”

त्यांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. “पाटी आज उतरेल,” त्या म्हणाल्या. “आणि हे तिला तुम्ही सांगायचं. मी नाही.”

वहिनी एका शाळेच्या भिंतीवर शिडी लावून काम करत होती. मी खाली उभी राहून, मान वर करून सगळं सांगितलं. त्या शिक्षिकेशी खोटं बोलल्याचंही.

“ऐकलं होतं मी,” ती म्हणाली. ब्रश पुसून डब्यात ठेवला. “का केलंत?”

“लोक तुझ्या आभाळापाशी थांबतात. माझ्या पक्ष्यांपाशी नाही.”

ती खाली उतरली. “जंगलाचं काम मी करीन. पण बोलणं माझं आणि संचालकबाईंचं. तुमच्यामार्फत नको.”

“बरं.”

“आणि नवीन पाटीवर पक्षी कसे केलेत तेही लिहा. लाकूड, तार, पिसं, चार महिने. लोकांना ते खरे वाटतात, म्हणून कुणी बघत नाही.”

मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी पहिला विचार आला तो हा, की हे सुचायचंही हिलाच होतं! मनातल्या मनात जळले आणि मग त्या जळण्याचीच लाज वाटली.

नवीन पाटी लागली. आभाळापुढे तिचं नाव, पक्ष्यांपुढे माझं. जंगलाचा देखावा आम्ही दोघींनी केला. वन्सं म्हणायला ती अजून लागलेली नाही, आणि मीही मागितलेलं नाही. पाटी न वाचताच कुणी येऊन मला विचारतं, “ही झाडं तुम्ही रंगवलीत?” तेव्हा मी बोट दाखवून म्हणते, “नाही, ती बघा, तिकडे उभी आहे. तिलाच सांगा, तिला आवडेल.” म्हणायला अजून जिवावर येतं. पण म्हणते.