झरयाबचं पंजाबी गाणं

लाहोरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात झरयाब आणि मी एकाच खोलीत राहायचो. तो गायचा, मी गिटार वाजवायचो. शेवटच्या वर्षाला असताना एका म्युझिक कंपनीनं आम्हाला ऑडिशनला बोलावलं. झरयाबनं स्वतः रचलेलं पंजाबी गाणं म्हटलं.

कंपनीच्या बाई म्हणाल्या, "आवाज फार छान आहे, बेटा. पण हेच उर्दूत म्हण. पंजाबीला गावाकडचा वास येतो."

"बाजी, मी साहिवालकडच्या खेड्यातलाच आहे. वास येणारच," थोरल्या बहिणीशी बोलावं तसं तो हसून म्हणाला आणि सलाम करून उठला.

जिन्यात मी त्याला धरलं. "येड्या, उर्दूत म्हटलं असतंस तर जीभ झडली असती का?"

"जीभ राहिली असती, गाणं गेलं असतं. चल, चहा पाज."

आम्ही ते गाणं हॉस्टेलच्या गच्चीवर मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि इंटरनेटवर टाकलं. आधी ते कॉलेजात वाजलं, मग रिक्षांमध्ये, मग साऱ्या पंजाबातल्या लग्नांत. पदवी हातात पडायच्या आत बाईंचाच फोन आला. झरयाबनं एकच अट घातली, सगळा अल्बम पंजाबीत. त्यांनी ती मानली.

लाहोरच्या स्टेडियममधल्या पहिल्या कार्यक्रमाआधी मी गिटारच्या तारा पुन्हा पुन्हा जुळवत होतो. झरयाब निवांत समोसा खात होता.

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"घरच्यांशी घरच्या भाषेत बोलायचंय. त्यात कसली भीती?"

त्यानं हात पुसले आणि तो स्टेजवर गेला. पहिली ओळ त्याच्याआधी लोकांनीच म्हटली.