पहिल्या हसण्याचं मीठ

आमच्यात दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाला हसवायला कुणी सहसा धजत नाही. बाळ ज्याच्यामुळे पहिल्यांदा खळखळून हसेल, त्याने मेंढरू कापून सगळ्यांना जेवू घालायचं. बाळाच्या मुठीत मीठ धरवून ते पाहुण्यांच्या हातावर ठेवायचं. आणि एवढ्यावर सुटका नाही. त्या माणसाचा स्वभाव बाळात उतरतो. म्हणून शहाणी माणसं बाळंतघरात तोंड पाडून येतात आणि तोंड पाडूनच जातात.

माझी नात आल्ताबा आज फिनिक्सला राज्याच्या सभागृहात बसते. तिथले लोक कॅमेरे घेऊन माझ्या दारात येतात, मेंढ्यांना घाबरवतात आणि विचारतात, "आजी, ही असं बोलायला कुठल्या शाळेत शिकली?" मी म्हणते, शाळेचं मागाहून. आधी बकरीचं ऐका.

गोरे यायच्या आधीपासून आम्ही राहतो त्या पठाराच्या खालच्या अंगाला माझा एक कुळभाऊ राहायचा. आई वेगळी, पण कूळ एकच, म्हणजे भाऊच. तो आता नाही, आणि गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही, म्हणून सगळे म्हणायचे तेच म्हणते, मोठी टोपी. काळी, रुंद काठाची टोपी घालायचा. टोपीखाली माणूस होता एवढासा, आणि मुठीतून वाळूचा कण सुटायचा नाही. त्याच्याकडे कॉफी प्यायलो तर कपाचा तळ दिसायचा, भरलेल्या कपाचासुद्धा.

आल्ताबा तीन महिन्यांची असेल. पाळण्याच्या फळीला बांधून भिंतीशी टेकवून ठेवली होती, मी बाजूला मागावर बसले होते. मोठी टोपी आला तो ओरडतच. "अक्का, तुझ्या बकऱ्या माझ्या कुरणात शिरल्या! अक्का, तू त्यांना काय शिकवतेस?"

मी म्हटलं, "त्यांना गवत कळतं. तुझ्या मेंढ्यांना ते तरी कुठे कळतं?"

तो हात नाचवत राहिला आणि त्यातलीच एक बकरी मागून लाकडांच्या ढिगावर चढून त्याच्या टोपीचा काठ चावायला लागली. त्याला पत्ताच नाही. तो म्हणतोय, "मी सभेत सांगेन!" आणि मागे बकरी रवंथ करतेय. पोरगी हसली. अशी हसली की फळी हलली.

सगळं घर त्याच्याकडे बघायला लागलं. मग माझी लेक हळूच म्हणाली, "मामा, मेंढरू कधी आणताय?"

"मी? मी कुठे हसवलं? बकरीने हसवलं!"

"टोपी कुणाची?"

"बकरी कुणाची?"

महिनाभर हा वाद चालला. शेवटी लोकलाजेने त्याने मेंढरू आणलं. इतकं वाळलेलं, की आमच्या कुत्र्याने हाड हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. मीठ वाटलं, जेवणं झाली, पण माझा घोर राहिलाच. पोरीत काय उतरणार? हा कंजूष भांडकुदळ, की माझी बकरी?

पोरीला मी माझ्या पद्धतीने वाढवलं. पहिल्या बर्फात लोळवली. उजाडायच्या आत पूर्वेकडे, आमच्या घरांची दारं असतात त्या बाजूला, धावायला पाठवली, दमून परतली तर म्हणायचे, "सूर्य थांबला का तुझ्यासाठी?" मेंढ्या माझ्या, घर माझं, माग माझा, आमच्यात ते बाईचंच असतं. ते सगळं पुढे तिच्या हाती जायचं म्हणून तिला कोकरू जन्मताना हात घालायला शिकवलं, लोकर कातायला शिकवलं.

सहा वर्षांची झाल्यावर सरकारी गाडी आली आणि तिला लांबच्या वसतिगृहाच्या शाळेत घेऊन गेली. आमच्या पठारावर रस्ता नव्हता, शाळेची बस येणार कशी? उन्हाळ्यात परत आली तेव्हा केस कानापर्यंत कापलेले. आपल्या भाषेत बोललं की तोंडात साबण घालत म्हणाली. रडली नाही. मला म्हणाली, "आजी, तिथे पूर्व कुठे आहे तेच कळत नाही. खिडक्या चुकीच्या बाजूला आहेत." दर सप्टेंबरात ती गाडी यायची, आणि दर वर्षी परतून येणारी पोर आणखी थोडी हलक्या आवाजात बोलायची. मला वाटायचं, एका वर्षी परत येईल ती नुसतीच येईल, बोलणार नाही.

ती अकरा वर्षांची असताना उन्हाळ्यात सभाघरात बोलावणं आलं. रस्त्याच्या खात्याचा साहेब येणार होता. त्याला आम्ही लाल कान म्हणायचो. उन्हात ते गाजरासारखे व्हायचे. पठारावर रस्ता होणार की नाही ते त्या दिवशी ठरायचं होतं. रस्ता झाला तर बस येईल, मुलं तालुक्याच्या दिवसाच्या शाळेत जाऊन रात्री घरी झोपतील. नाही झाला तर यंत्रं दुसरीकडे जातील, आणि सप्टेंबरात पुन्हा ती गाडी.

आणि रस्ता जाणार होता मोठ्या टोपीच्या कुरणातून. तिथल्या चराईचा हक्क त्याच्या नावावर. तो नको म्हणाला, तर त्याच्यावरून नांगर फिरवणं आमच्या सभेच्या रीतीत बसत नाही.

सभाघरात मटणाचा रस्सा शिजत होता, पुरुष दक्षिणेला, बाया उत्तरेला. माझा जावई बाहेर खिडकीखाली बसला होता. सासू-जावयाने एकमेकांचं तोंड बघायचं नसतं, तेव्हा एक तर त्याने बाहेर बसायचं नाही तर मी, आणि मी बाहेर बसणाऱ्यातली नाही. दुभाष्याचा पत्ता नव्हता. त्याचा ट्रक ओहोळाच्या वाळूत रुतला होता. सभाप्रमुख म्हणाले, "इंग्रजी चांगली कुणाला येते?" सगळ्यांच्या ओठांनी आल्ताबाकडे खूण केली. बोट दाखवणं आमच्यात उद्धटपणा.

ती उठली, कापलेल्या केसांवरून हात फिरवला आणि टेबलाशी लाल कानाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. टेबल तिच्या छातीला लागत होतं.

मी दोन हिवाळे शाळेत गेलेली. इंग्रजी लिहिता येत नाही, पण कान आहेत. साहेब म्हणाला, "लांबची शाळाही चांगलीच आहे. मुलं लवकर रुळतात. घराची आठवण काढायची थांबतात." पोरीने ते जसंच्या तसं आपल्या भाषेत सांगितलं. एक शब्द गाळला नाही. बायांमध्ये कुणीतरी श्वास ओढला.

मग मोठी टोपी उभा राहिला. "माझ्या मेंढ्या घाबरतील. धूळ गवतावर बसेल. आज रस्ता, उद्या दुकान, परवा दारू. पोरं लांब जातात तर जाऊ देत. मीही गेलो होतो, मेलो का? माझं कुरण मी देणार नाही."

आणि पोरीने तेही इंग्रजीत सांगितलं. पोरं लांब जातात तर जाऊ देत, हे तिनेच, तिच्याच तोंडाने, सरळ. तो जिथे थांबला होता तिथे थांबली, त्याने आवाज चढवला होता तिथे तिने चढवला.

मला राहवेना. पाण्याचा डबा द्यायच्या निमित्ताने टेबलाशी गेले. "अगं वेडे," मी पुटपुटले, "थोडं तुझ्या बाजूला वळव की! कोणाला कळतंय?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, त्यांनी बोलणं माझ्या ओंजळीत दिलंय. सांडलं तर?"

मी परत येऊन बसले. माझ्या आयुष्यात मला गप्प करणारी माणसं दोनच. एक माझी आई. आणि ही.

मोठी टोपी खाली बसला आणि सभा गप्प झाली. आमच्यात कुणाचं बोलणं संपलं की लगेच तोंड उघडत नाहीत. शब्द खाली बसू द्यायचे असतात, ढवळलेल्या पाण्यातला गाळ बसतो तसे. पण लाल कानाने घड्याळ बघितलं, इकडेतिकडे बघितलं, आणि कागदांची पिशवी बंद केली. "म्हणजे सगळ्यांना हे मान्य आहे," तो म्हणाला. "रस्ता नको."

पोरीने याचं भाषांतर केलं नाही. तिने त्याच्या पिशवीवर हात ठेवला. एवढासा हात. इंग्रजीत म्हणाली, "थांबा, साहेब. इथे गप्प बसणं म्हणजे हो नाही. नाहीही नाही. लोक विचार करतायत. तुम्ही बसा."

आणि तो बसला! सरकारचा माणूस बसला!

मग ती सभाप्रमुखांकडे वळली. "आजोबा, दुसऱ्यांचं बोलणं मी इथे टेबलावर ठेवते. आता मला माझं बोलू द्याल?" त्यांनी मान हलवली. ती टेबल सोडून बायांच्या बाजूला आली, माझ्यापुढे उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती, आणि मानेवरचे ते तुटके केस.

आधी तिने कुळं सांगितली, मोठ्या माणसासारखी. "कडू पाण्याचं, आईचं, कूळ माझं. वडिलांकडून उंच घराच्या कुळाची मी लेक. चिखलाच्या कुळातले माझ्या आईचे वडील. लाल टेकाडाखालचे माझ्या वडिलांचे वडील. अशी मी आहे." आवाज हलका नव्हता. वसतिगृहात दरवर्षी थोडाथोडा झिजत गेलेला तो आवाज कुठे जपून ठेवला होता कोण जाणे. खिडकीबाहेर जावई उठून उभा राहिला, त्याची सावली आत पडली. मी तोंड फिरवलं, पण खाली बस म्हटलं नाही.

"मामाआजोबा," ती मोठ्या टोपीला म्हणाली, "माणूस ज्याच्यामुळे पहिल्यांदा हसतो, त्याचा स्वभाव त्याला लागतो. मला तुम्ही हसवलंत म्हणतात. तुम्ही म्हणता, बकरीने. माझ्या आजीलाही खात्री नाही. मी काही खाल्लं की ती माझ्याकडे बघत राहते."

सभा हसली. मीही. खोटं कशाला बोलू, बघायचेच मी.

"मला लांबच्या शाळेत ठेवलं तर मी मरणार नाही. तुम्ही मेला नाहीत. पण तिथे मला कुणी विचारलं, तू कुणासारखी, तर काय सांगू? तुम्हीच ठरवा. तुम्ही द्याल तसं माझ्यात उतरेल. आणि द्यायचं नसेल तर आज सगळ्यांसमोर सांगा, की हिला बकरीने हसवलं. म्हणजे मी तुमच्यावर हक्क सांगणार नाही. बकरीसारखी वागेन. जे दिसेल ते खाईन."

झालं. ती तिथेच उभी राहिली.

आता जी शांतता पडली तसली मी आधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. म्हातारे, ज्यांनी मोठमोठे बोलणारे ऐकलेले, ते जमिनीकडे बघत होते. ही माझीच ना? जिला मी पूर्वेकडे धावायला हाकललं, ती हीच? मी तिला लोकर शिकवली, कोकरं शिकवली; हे मी शिकवलं नव्हतं. हे कुणी शिकवत नाही. हे पाऊस येतो तसं कुठून तरी येतं, आणि आपण फक्त भांडं घेऊन उभं राहायचं.

लाल कान हळूच विचारत होता, "ती काय म्हणाली? काय म्हणाली?" कुणी सांगेना.

रश्श्याच्या भांड्याचं झाकण थडथडत होतं. मोठी टोपी उठला. त्याने टोपी काढली. ती सभेत काढताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. त्याने ती फिरवून बघितली, आणि काठाला ती खाच तशीच होती, बकरीने खाल्लेली. इतकी वर्षं त्याने ती टोपी बदलली नव्हती. आम्हाला वाटायचं कंजूषपणा.

"बकरीने नाही," तो म्हणाला. "मी हसवलं. बकरी माझ्या मागे होती."

मग पुढे म्हणाला, "रस्ता जाऊ द्या. पण माझ्या कोकरांच्या वाड्याला वळसा घालून. सरळ नाही. आणि अक्का, तुझ्या बकऱ्या त्या रस्त्याने माझ्याकडे आल्या तर मी कापीन."

"काप," मी म्हटलं. "या खेपेला तरी काहीतरी जाड कापशील."

पोरगी टेबलाशी परत गेली आणि लाल कानाला सगळं इंग्रजीत सांगू लागली. मोठ्या टोपीचं बोलणं, आपलं बोलणं, बकरीसकट. साहेबाने बकरी कागदावर लिहिली की नाही मला ठाऊक नाही. पण त्याचे कान आणखी लाल झाले, आणि जाताना त्याने हात पुढे केला तो सभाप्रमुखांच्या आधी आल्ताबापुढे.

दुसऱ्या दिवशी मोठी टोपी मेंढरू घेऊन आला. लठ्ठ. चालताना धापा टाकत होतं. म्हणाला, "मागच्या वेळचं राहिलं होतं." अकरा वर्षांच्या पोरीने पुन्हा मीठ वाटलं. स्वतःच्याच मुठीने, कुणाला हात धरावा लागला नाही. सगळ्यात आधी तिने त्याच्या हातावर ठेवलं, मग माझ्या. मी ते खाल्लं आणि माझा अकरा वर्षांचा घोर मिटला.

सप्टेंबरात पिवळी बस धूळ उडवत आली. आल्ताबा धावून परतली होती, घाम पुसत चढली. कोकरांच्या वाड्याजवळच्या वळणावर मोठी टोपी मेंढ्या अडवून उभा होता आणि धुळीला शिव्या देत होता. संध्याकाळी पोर घरी आली. माझ्या दारातून, पूर्वेच्या.

आता तिकडे फिनिक्सला रस्त्यांचंही तिच्याच हाती आहे म्हणतात. इंजिनिअर नकाशे घेऊन येतात. म्हणतात, बाई, ते एक वळण उगाच आहे, सरळ करू. वाडा कधीच पडला, कोकरं नाहीत, माणूसही नाही. ती त्यांचं सगळं ऐकून घेते. शब्द खाली बसू देते. त्यांना वाटतं, हो म्हणाली.

वळण अजून तिथेच आहे.